आधी सांगा, कर कोणी भरायचा?

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. त्याच तारखेपासूनच्या मालमत्ता कराची बिले खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेलच्या घरांत पडली ती २०२१ मध्ये. इतकी वर्षे कोणी न मागितलेला कर एके दिवशी थकबाकी होऊन दारात आला. त्याच काळात हीच माणसे या वसाहती वसवणाऱ्या सिडकोला सेवाशुल्क भरत होती. लोक भडकले, मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. हा राग रास्त होता. मागच्या तारखेपासून कर मागणे म्हणजे माणसाला स्वतःच्या खर्चाचा अंदाज बांधायची संधीच नाकारणे. मधल्या वर्षांत कुणी घर विकले, कुणी कर्ज काढून घेतले, कुणी निवृत्त झाले. त्या सगळ्यांवर एका कागदाने मागल्या साऱ्या वर्षांचा बोजा टाकला. हा अन्याय होता, आणि तो केल्याबद्दल कुणी सरळ माफी मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पण माझे भांडण त्या बिलापुरते नाही. त्या बिलावरून या शहरात इतकी वर्षे भाषणे झाली, बॅनर लागले, निवेदने दिली गेली, आमदारकीच्या निवडणुका लढल्या गेल्या. आणि या सगळ्यात एकाही पक्षाने कराविषयी आपले मत काय ते सांगितले नाही. 'कर रद्द करू', 'शास्ती माफ करून आणू', 'आमचा पाठपुरावा सुरू आहे' हे ऐकले. महापालिकेने कोणकोणती कामे करावीत, त्यांना किती पैसे लागतील आणि ते कुणाच्या खिशातून यावेत, हे कुणाच्या तोंडून ऐकले नाही. राजकारणातला पहिला प्रश्नच हा आहे. त्याला बगल देऊन जे चालते त्याला मी राजकारण म्हणायला तयार नाही.

जगात इतरत्र या प्रश्नावर माणसे उभी फुटतात. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९७८ मध्ये 'प्रपोझिशन १३' मंजूर करून मालमत्ता कर मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्यावर बांधून टाकला. शाळांचे आणि ग्रंथालयांचे काय होईल, यावर तिथे तेव्हा रान पेटले आणि आजही वाद संपलेला नाही. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांनी घरपट्टीऐवजी दरडोई कर आणला, १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये. राजवाड्यातल्याला आणि झोपडीतल्याला जवळपास सारखाच कर. लंडनमध्ये दंगल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना पंतप्रधानपद सोडावे लागले. मला थॅचरबाईंचे धोरण मुळीच पटत नाही. पण त्यांचे मत काय आहे हे त्यांच्या मतदाराला आणि विरोधकाला दोघांनाही ठाऊक होते. सरकार लहान हवे म्हणणारे एका बाजूला, सरकारने जबाबदारी घ्यावी आणि ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. हा वाद खरा आहे. तो आपल्याकडेही व्हायला हवा.

आणि तो आपल्याकडे नव्हताच असे कुणी म्हणू नये. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्याचा गाभा हाच होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर; हे का, असा त्यांचा थेट सवाल होता. कर कोण भरतो आणि त्याचा लाभ कुणाला मिळतो, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून त्यांनी सरकारला जाब विचारला. पुढे याच रायगड जिल्ह्याने, तेव्हाच्या कुलाब्याने, खोतीविरुद्धचा चरीचा संप पाहिला. १९४८ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या शेतकरी कामगार पक्षाने (शेकाप) या जिल्ह्यात मुळे धरली ती याच भूमीवर. दुसऱ्या टोकाला शरद जोशी होते. सरकार शेतकऱ्याला वाचवत नाही, लुटते. त्याचा हात बाजारातून काढा, असे ते लाखोंच्या सभांत सांगत. जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाचे त्यांनी उघड समर्थन केले तेव्हा जवळच्या माणसांनाही ते रुचले नाही, तरी ते हटले नाहीत. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि मतदाराने त्याला फारशी दाद दिली नाही, तरी मत बदलले नाही. एन. डी. पाटील त्यांच्या अगदी विरुद्ध टोकाचे. शिक्षणाचा भार सरकारनेच उचलला पाहिजे, सार्वजनिक रस्त्यावर टोल घेता कामा नये, हे सांगत म्हातारपणीही ते कोल्हापुरात रस्त्यावर उतरले. या दोघांपैकी कुणाचे बरोबर यावर रात्रभर वाद घालता येईल. आज पनवेलमध्ये वाद घालायला समोर कुणी उभाच नाही.

आता इथला हिशेब मांडतो. मे २०१७ मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली. ७८ पैकी ५१ जागा भाजपला, २३ शेकापला, काँग्रेस आणि राष्ट्रवादीला दोन-दोन. सप्टेंबर २०१८ मध्ये पनवेलचे भाजप आमदार प्रशांत ठाकूर सिडकोचे अध्यक्ष झाले. म्हणजे महापालिका भाजपची, राज्यात मुख्यमंत्री भाजपचा, सिडकोच्या अध्यक्षपदी भाजपचा स्थानिक आमदार, अशी स्थिती २०१९ च्या निवडणुकीपर्यंत होती. सेवाशुल्क कधी थांबणार, कर कधी सुरू होणार, सेवांचे हस्तांतरण कोणत्या तारखेला पुरे होणार, हे एका टेबलाभोवती बसून ठरवता आले असते. ते ठरले नाही. घोंगडे भिजत ठेवले गेले.

मग नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात महाविकास आघाडी आली. २०२१ ची बिले वाटली गेली ती या आघाडीच्या काळात. तिच्यातले पक्ष पनवेलमध्ये त्या बिलांविरुद्ध मोर्चे काढत होते आणि मंत्रालयात त्यांचेच सरकार बसले होते. मागील तारखेची वसुली थांबवायची इच्छा असती, तर नगरविकास खात्याला ते अशक्य नव्हते. ते खाते तेव्हा एकनाथ शिंदे यांच्याकडे होते. जून २०२२ मध्ये सरकार उलटले, शिंदे मुख्यमंत्री झाले, खाते त्यांच्याकडेच राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले, तरीही ते त्यांच्याकडेच. धर्मनिरपेक्ष आघाडीकडून हिंदुत्वाच्या युतीकडे राज्य गेले, दूरदर्शनच्या पडद्यावर विचारधारांची लढाई झाली, आणि शहरांच्या तिजोरीचा मंत्री तोच राहिला. धोरणही तेच राहिले, कारण दोन्ही बाजूंकडे दुसरे धोरण नव्हतेच.

माणसे इकडून तिकडे गेली. करविरोधाचा सर्वांत ठळक आवाज ठरलेल्या लीना गरड २०१७ मध्ये भाजपच्या तिकिटावर नगरसेविका झाल्या आणि २०२४ मध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या उमेदवार म्हणून विधानसभेला उभ्या राहिल्या. त्याच आघाडीतल्या शेकापचे बाळाराम पाटीलही उभे राहिले. दोघेही कराविरुद्ध. निवडून आले ते प्रशांत ठाकूर, सलग चौथ्यांदा. मी गरड यांना दोष देत नाही. त्यांनी निदान प्रश्न धसास लावायचा प्रयत्न केला. माझा प्रश्न पक्षांना आहे. एकाच माणसाचे एकच मत भाजपमध्येही चालते आणि ठाकरे गटातही चालते, तर कराच्या बाबतीत या दोन पक्षांत फरक काय? शेकाप तर डावा पक्ष. डाव्या पक्षाने म्हणायला हवे होते की गावठाणातल्या घराला आणि बैठ्या चाळीला सूट द्या, मोठमोठे भूखंड अडवून बसलेल्यांवर, तळोज्याच्या कारखान्यांवर आणि मॉलवर दर चढवा. त्याने मोर्चात काय म्हटले? कर नको. उजवा पक्षही विरोधात असता तर हेच म्हणाला असता.

टोलचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१४ मध्ये खारघरच्या टोलनाक्याविरुद्ध उभे राहून प्रशांत ठाकूर यांनी काँग्रेस सोडली आणि ते भाजपमध्ये गेले. टोलविरोधावर पनवेलकरांनी त्यांना भरभरून मते दिली. जानेवारी २०१५ मध्ये, भाजपच्याच राज्यात, सायन-पनवेल महामार्गावर तो टोल सुरू झाला. जूनपासून मोटारींना सूट मिळाली. सूट मिळाली म्हणजे कंत्राटदाराने पैसे सोडले असे नव्हे. भरपाई राज्याच्या तिजोरीतून देणे आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेच्या तोंडावर मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला, तेव्हाही भार तिजोरीवरच आला. आणि तिजोरी भरते कोण? माळडुंग्याच्या पाड्यावरून डोक्यावर मोळी घेऊन बाजाराला येणारी बाई साबण घेते, चप्पल घेते, मोबाइलचे रिचार्ज मारते, त्या प्रत्येकावर जीएसटी देते. मोटारवाल्याची सूट तिच्या खिशातूनही जाते. डावा असो की उजवा, एकाही नेत्याने ही गोष्ट तिच्या पाड्यावर जाऊन सांगितली नाही.

आयजीच्या जिवावर बायजी उदार ही आता सगळ्यांचीच नीती झाली आहे. 'मिनिमम गव्हर्न्मेंट, मॅक्सिमम गव्हर्नन्स' हे घोषवाक्य भाजपचे. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड महामार्गाच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी रेवडी संस्कृतीवर टीका केली. बरोबर दोन वर्षांनी महाराष्ट्रात त्यांचाच पक्ष सामील असलेल्या सरकारने लाडकी बहीण योजना आणली, महिन्याला १५०० रुपये, वर्षाचा अंदाज ४६ हजार कोटी. निवडणुकीत २१०० चे आश्वासन दिले. महाविकास आघाडीने ३००० सांगितले. गरीब बाईच्या हाती रोख पैसा जाणे वाईट नाही. माझ्या मते ते बऱ्याच अंशी चांगले आहे. पण छोट्या सरकारचा जप करणाऱ्यांनी राज्यातली सर्वांत मोठी रोख योजना काढायची, आणि समतेचा जप करणाऱ्यांनी फक्त आकडा दुप्पट करायचा, आणि दोघांनीही नवा पैसा कुणाकडून घेणार ते सांगायचे नाही, ही मतदाराची फसवणूक आहे. कर सांगितल्याशिवाय योजना सांगणारा माणूस कर्ज सांगत असतो, फक्त तो शब्द उच्चारत नाही.

महाराष्ट्राने याहून सरळ वागून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे तिचे जनक. काम मागेल त्याला काम द्यायचे, तर पैसा लागणार. तेव्हा १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला: शहरातल्या नोकरदाराने आणि व्यावसायिकाने द्यायचा, खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी. १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला. विरोधकांनीही तो उचलून धरला. आजही तुमच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराची ओळ असते, दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २५००. त्या ओळीला एके काळी पत्ता होता. पैसा कुणाचा, कुणासाठी, किती, हे विधिमंडळात उघड सांगितले गेले होते. शहरी मध्यमवर्गाने कुरकुर करत का होईना, भरला. आज कोणता पक्ष असे बोलायची हिंमत करेल?

आता बिलाकडे जवळून पाहू. आमच्या शेजारच्या इमारतीतले एक काका, एसटीतून निवृत्त झालेले, ते बिल घेऊन माझ्याकडे आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत सिडकोच्या सेवाशुल्काच्या पावत्या, वर्षवार टाचणीने लावलेल्या. त्यावर हे नवे बिल. सामान्य कर, खाली इतर कर-उपकरांच्या ओळी, त्यातच राज्य सरकारचा शिक्षण कर, जो महापालिका फक्त गोळा करून पुढे पाठवते. आणि सर्वांत खाली थकबाकी. "भरू का थांबू?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "काका, भरा. भांडण चालू ठेवा, पण भरा." ते म्हणाले, "अहो, पण तो आपल्या गावचा पोरगा सांगतोय, थांबा, सगळं माफ होणार आहे." तो पोरगा एका पक्षाचा कार्यकर्ता. काका थांबले.

थकलेल्या मालमत्ता करावर कायद्याने दरमहा दोन टक्के शास्ती लागते. चाळीस हजार थकले असतील तर महिन्याला ८००, वर्षाला ९६००. व्यासपीठावरून 'भरू नका' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी हा दर लोकांना सांगितला? २०२५ मध्ये महापालिकेने अभय योजना आणली, लवकर भरणाऱ्याला शास्तीत ९० टक्क्यांपर्यंत सूट. काकांनी त्यात भरले. तोवर त्यांची झोप किती गेली ते त्यांनाच माहीत. आणि ज्यांनी त्याआधी पोटाला चिमटा काढून शास्तीसकट भरून टाकले होते, त्यांच्या तोंडाला पाने पुसली गेली. सूट मिळवून दिल्याचे श्रेय घ्यायला मात्र सगळे फलकांवर हजर झाले. लोकांना थांबायला सांगायचे, शास्ती चढू द्यायची, मग ती उतरवून उपकारकर्ता व्हायचे: हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि याला मी निर्दय राजकारण म्हणतो. गरिबाच्या भीतीवर चाललेले.

'नवी मुंबईत वीस वर्षे करवाढ नाही, मग आम्हीच का?' हा प्रश्न आमच्या प्रत्येक सोसायटीच्या सभेत येतो. उत्तर देणे कुणालाच सोयीचे नाही, म्हणून मी देतो. नवी मुंबई महापालिका १९९२ ची. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांकडून तिला दीर्घ काळ उपकर मिळाला. तिने मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे केले. पनवेलची महापालिका जन्मली तोवर मुंबई सोडून इतरत्र जकात इतिहासजमा झाली होती आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीचा स्थानिक संस्था करही गेला होता. व्यापाऱ्यांना दिलेले ते वचन भाजपने पाळले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उरलेसुरले गेले. शहराच्या हाती स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो मालमत्ता कर. बाकी सगळे मंत्रालयाच्या दारात उभे राहून मागायचे. वर पंधराव्या वित्त आयोगाने अट घातली: शहरांना अनुदान हवे तर राज्याने मालमत्ता कराचा किमान दर अधिसूचित करावा आणि वसुली वाढवावी. म्हणजे दिल्लीच सांगते आहे, कर घ्या. गल्लीत त्याच पक्षाचा कार्यकर्ता सांगतो, माफ करून आणतो.

पनवेल नगरपालिका १८५२ ची. इतक्या जुन्या शहराच्या मालकीचे पाणी म्हणजे गाढी नदीवरचे देहरंगचे धरण, जे आजच्या वस्तीला कुठेच पुरत नाही. बाकी पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, एमआयडीसी, सिडको यांच्याकडून विकत. उन्हाळ्यात कामोठ्यात आणि खारघरमध्ये टँकर लागतात, त्याचे पैसे सोसायट्या मोजतात आणि त्याला कुणी कर म्हणत नाही. माणशी हिशेब केला तर कित्येक सोसायट्यांचा टँकरचा खर्च मालमत्ता कराच्या जवळ जाईल. पाणी सार्वजनिक नळाने हवे तर पैसा सार्वजनिक खात्यात यायला हवा. आणि ज्या सिडकोने १९७० पासून शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन भूखंड विकले, त्या भूखंडांच्या पैशातला किती हिस्सा या नव्या शहराच्या जलवाहिन्यांना आणि नाल्यांना मिळाला पाहिजे? जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच माणसे गेली आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. तो लढा जमिनीच्या नफ्यात वाटा मागण्याचा होता. आज विमानतळाला त्यांचे नाव द्या म्हणून भांडणारे सगळे पक्ष त्यांचा तो प्रश्न विसरले आहेत. फ्लॅटधारकाच्या बिलावर मोर्चा निघतो, सिडकोच्या लिलावाच्या रकमेतून शहराचा वाटा मागायला कुणी जात नाही.

मुंबईत ५०० चौरस फुटांखालच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. शिवसेनेचे ते २०१७ चे वचन. पनवेललाही तेच द्या, अशी मागणी होते. मी या मागणीच्या विरोधात आहे आणि त्यासाठी शिव्या खायला तयार आहे. चौरस फूट हे गरिबीचे माप नाही. दक्षिण मुंबईतले ४५० फुटांचे घर कोट्यवधींचे असू शकते. तळोज्याच्या कोपऱ्यातल्या ६०० फुटांच्या घरात सहा माणसे आणि एक पगार असू शकतो. सूट द्यायची तर मालमत्तेच्या मूल्यावर द्या, राहत्या एकुलत्या एका घराला द्या, निवृत्तांना आणि विधवांना द्या. आणि जितकी द्याल तितकी कुणाकडून भरून काढणार ते त्याच ठरावात लिहा.

माझे मत असे. शहराने पाणी, गटारे, कचरा, शाळा आणि दवाखाना स्वतः चालवावा. त्यासाठी कर घ्यावा. तो रिकाम्या ठेवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या फ्लॅटवर, व्यापारी गाळ्यावर आणि कारखान्यावर चढा असावा, राहत्या साध्या घरावर उतरता. मागील तारखेचा कर कधीही घेऊ नये. तळोज्याची कासाडी नदी ज्यांनी नासवली त्यांच्याकडून ती साफ करण्याचा पैसा घ्यावा. हे मत डाव्या बाजूचे आहे असे कुणी म्हटले तर म्हणावे. शहराने फक्त रस्ते आणि गटारे बघावीत, बाकी खासगीवर सोडावे, कर अर्धा करावा, असे कुणाला वाटत असेल तर त्याने तेही खणखणीत मांडावे. मी त्याच्याशी भांडेन आणि त्याचा आदरही करेन. जो 'कर नको, सगळे हवे' म्हणतो त्याच्याशी बोलण्यासारखे काही उरत नाही. यात आपण मतदारही आलो. आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर औरंगजेबावरून, नेहरूंवरून रात्री एकेक वाजेपर्यंत भांडणे होतात. महापालिकेचा अर्थसंकल्प कुणी वाचून टाकल्याचे मी पाहिलेले नाही. स्वतःला पुरोगामी म्हणवणारे गृहस्थ आणि राष्ट्रवादी म्हणवणारे गृहस्थ करमाफीच्या निवेदनावर एकाच पेनाने सही करतात.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट. जुलै २०२२ मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर साडेतीन वर्षे पनवेलमध्ये निवडून आलेले सभागृहच नव्हते, कारभार प्रशासक म्हणून बसलेल्या एका अधिकाऱ्याकडे होता. स्थायी समिती तोच अधिकारी, महासभा तोच अधिकारी, अर्थसंकल्प मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात रखडला हे कारण खरे, पण निवडणुका लवकर घ्या म्हणून एकाही पक्षाने जीव तोडून आंदोलन केले नाही. सत्तेत असलेल्यांना प्रशासक सोयीचा होता. विरोधकांना जबाबदारी नको होती. कर चालू राहिला, शास्ती चालू राहिली, कुणाला जाब विचारायचा ते सभागृह मात्र बंद. ज्या देशात दुष्काळातही सारा वसूल करणाऱ्या परक्या सरकारविरुद्ध शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी शस्त्र उचलले, त्या शिरढोणच्या तालुक्यात लोकांनी आपल्या प्रतिनिधीविना इतकी वर्षे कर भरला आणि याची चीड कुणाला आली नाही, याचे मला फार दुःख आहे.

१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि पनवेलला पुन्हा नगरसेवक मिळाले. आता कुणाला प्रशासकाकडे बोट दाखवता येणार नाही. तुमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत, दोन प्रभागांत तीन. त्यांच्या कार्यालयात जा. वाढदिवसाचा फलक किंवा हळदीकुंकवाचे वाण हा विषय बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी लेखी मागा: शहराने काय काय करावे असे तुम्हाला वाटते, त्याला किती पैसा लागेल, आणि तो कुणाकडून कोणत्या दराने घेणार. उत्तर आले तर सोसायटीच्या फलकावर लावा. नाही आले तर तेही लावा. महापालिका कायद्याप्रमाणे पुढच्या आर्थिक वर्षाचे कराचे दर महासभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात.